सतरा नंबरचा रकाना

वाडी, ता. शिरूर कासार
११ मार्च २०२५

दिपे,

पत्र फाडून टाकायच्या आधी एकच आकडा वाच. अकरापैकी नऊ.

आता पुढचं वाचशीलच, मला तुझा स्वभाव माहीत आहे. आकडा दिसला की तू जेवण विसरतेस. माझा नंबर तू फोनमध्ये बंद करून ठेवला आहेस, तो खुशाल ठेव. पोस्टमन काही बंद करता येत नाही, म्हणून तुझ्या परभणीच्या कोंबडी-संशोधन केंद्राच्या पत्त्यावर हे टाकते आहे. अक्षर दहावीतलंच आहे, तेवढं चालवून घे.

तर ऐक. गावात कोंबड्यांची मानमोडी आली होती. कर्नाटकातला एक कारखाना यंदा लवकर बंद झाला आणि ऊसतोडीची पहिली टोळी शिवरात्रीच्या सुमाराला घरी आली. त्यांच्या डालग्यात चार कोंबड्या होत्या, त्यातल्या दोन वाटेतच मेलेल्या. मेलेल्या त्यांनी ओढ्यात फेकल्या आणि उरलेल्या दोन दारात सोडल्या. आठवडाभरात गावभर मान वाकडी करून गोल गोल फिरणारी पाखरं दिसायला लागली. हिरवं पाणी हगायची, चोच वासून श्वास घ्यायची. तुला काय सांगायचं, तू डोळे झाकून ओळखशील. गावातल्या शंभरातल्या ऐंशी गेल्या असतील. मी स्वतः खड्डे खणले, चुना टाकला, सगळं तू शिकवलंस तसं.

माझ्या दारात सव्वीस पाखरं होती. पंधरा साधी आणि अकरा निळ्या दोऱ्याची. पंधरांतली दोन राहिली. अकरांतली नऊ राहिली. खुराडं एकच, पाण्याचं भांडं एकच, आणि लस कुणालाच नव्हती. तू गेल्यापासून शिरूरहून बर्फाच्या डब्यात लस आणणारं इथं कोण आहे? रागावू नकोस. तू असतीस तर सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब घातले असतेस, सगळी वाचली असती आणि आपल्याला काहीच कळलं नसतं.

आता तू विचारणार, निळा दोरा ही काय भानगड. तू रागानं निघून गेलीस त्या दिवशी टोपलीत बारा अंडी होती, प्रत्येकावर तुझ्या पेन्सिलीनं १७ लिहिलेलं. मानमोडीला टिकेल म्हणून तू निवडलेल्या सतरा नंबरच्या कोंबड्याची. दारात उभी राहून म्हणालीस, "फेकून दे ती. तुझ्या कुठल्याच नोंदीवर माझा भरवसा नाही." मी फेकली नाहीत. खालच्या आळीच्या चतुराबाईची कोंबडी खुडूक बसली होती, तिच्याखाली ठेवली. नऊ पिलं निघाली. रीतीप्रमाणे अर्धलीनं वाटून घेतली, चार मला आणि पाच तिला, कारण ऊब तिच्या कोंबडीची. तेव्हापासून सतराच्या वंशातलं प्रत्येक पाखरू पायात माझ्या जुन्या नायलॉन साडीचा निळा दोरा बांधून फिरतं. हस, हस.

तूच सांगायचीस ना, साथीतून वाचलेल्या कोंबडीच्या पिलाला आईची ताकद दोन-तीन आठवडे पुरते, पुढं त्याचं ते. मग ही तर वर्षा-दीड वर्षाची सतराची नातवंडं. यांनी साथ कधी बघितलीच नव्हती. तरी उभी राहिली. तू तीन वर्षं वही घेऊन ज्याच्या मागं होतीस ते माझ्या दारात दाणे टिपतं आहे, दिपे. मला कालपासून घरात बसवत नाही.

सतराचं काय झालं ते तेव्हाच सांगितलं होतं. मुंगसानं नेला. तू मानलं नाहीस. तुला वाटलं, तोही मानमोडीनं मेला आणि तुझं काम वाया गेलं हे मी लपवते आहे. तो मानमोडीनं मेला नाही, एवढं तरी मान. मुंगसाबद्दल मी आणखी काही लिहिणार नाही.

तुझी
आक्का

वाडी
३ एप्रिल २०२५

दिपे,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटतही नव्हतं, तरी पोस्टमनला तीनदा अडवलं. आता तो आमच्या गल्लीतून सायकल जोरात काढतो.

मागच्या पत्रात मी लई शहाणपण केलं होतं. ते परवा चतुराबाईच्या दारात उतरलं. तिच्याकडची मोजदाद करायला गेले होते. निळ्या दोऱ्याची तिची आठांतली सात वाचलेली, मी खूश. मग साधी मोजली. बारांतली सात वाचलेली. माझ्याकडं साध्यांतली पंधरांत दोन, तिच्याकडं बारांत सात. माझं डोकंच फिरलं. दोरा नाही, सतराचं रक्त नाही, मग ही कशी उभी? तू म्हणशील, तिचं घर कडेला, साथ पोचलीच नसेल. पोचली होती. मान मोडून पडलेली पहिली कोंबडी तिच्याच उकिरड्यावर सापडली होती.

चतुराबाईला विचारलं, काय खायला घालतेस? ती म्हणाली, "तुमी घालता तेच. ज्वारीची कणी."

"औषध? हळद-बिळद?"

"न्हाई बाई."

मग मी तिच्या दारात बसूनच राहिले. खुराड्यावर तिचा म्हातारा कोंबडा चढला होता. शेपटीची पिसं झडलेली, एक डोळा अधू, पण बांग अशी की खालची आळी दणाणते. मी सहज म्हणाले, हा अजून आहे होय? आमच्याकडं इतका म्हातारा कोंबडा कधी बघितला नाही.

ती हसली. "तुमच्याकडं कसा दिसंल? साथीतून वाचला की तुमी आखाडात मरीआईला देता. आमच्यात छप्पन सालापासून मरीआईला काई जात न्हाई. माझ्या सासऱ्यानं बंद केलं ते बंद. आमचा कोंबडा म्हातारा व्हऊस्तोर बांग देतो आन् पिलं काढतो."

दिपे, मी उठून उभी राहिले. चतुराबाईला वाटलं मला विंचू चावला.

तुझ्या लक्षात आलं का? आपल्याकडची रीत बघ. साथ येते, गावाची पाखरं झाडून नेते. एखादा कोंबडा राहतो. त्याच्यात काहीतरी असतं म्हणूनच राहतो ना? आणि आपण काय करतो, आखाड लागला की नेमका तोच उचलतो. अंगानं भरलेला, तुऱ्यानं लाल, साथीला न भ्यालेला. आईनं वाचवला म्हणून आईला. मग पिलं कुणापासून होतात? साथ संपल्यावर बाजारातून आणलेल्या नाहीतर पै-पाहुण्यांकडून आलेल्या कोंबड्यापासून, ज्यानं साथ कधी पाहिलीच नाही. पुढच्या खेपेला पुन्हा शंभरात ऐंशी. आपण पिढ्यान् पिढ्या निवड करत आलो आहोत, तुझ्यासारखीच, फक्त उलटी.

आणि आठवलं का, सतराची आई आपली होती पण बाप? हाच म्हातारा. तूच वहीत लिहिलं होतंस, "बाप: खालच्या आळीचा." आपण दोघींनी त्याकडं बघितलंच नाही. तू रक्त तपासायला नळ्या मागवत होतीस आणि उत्तर रोज सकाळी खुराड्यावर चढून ओरडत होतं.

मला हे कुणाला तरी सांगायचं होतं. तुझे दाजी परळीला राखेच्या टिप्परवर आहेत, त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "बरं मग रविवारी कापायचा का एखादा?" म्हणून तुला लिहिलं.

आक्का

वाडी
२२ मे २०२५

दिपाली,

पार्सल मिळालं.

आत चिठ्ठी नव्हती. खोकं उलटं करून झटकलं, कागदाची चुरगळ उलगडून बघितली, नव्हती. चालेल. पन्नास पिवळ्या रिंगा, थेंबाची लस, बर्फाच्या पाकिटांसह, ती पाकिटं पाघळलेली पण गार होती, आणि ती लांब वही. लसीचा अर्थ मी असा काढला की पाखरं लसीविना ठेवली ही माझी चूक तुला दिसली आहे आणि ती पुन्हा करायची नाही. बरोबर ना? बाहेरून येणाऱ्या प्रत्येक पाखराला आणि साध्या सगळ्यांना घातली. निळ्या दोऱ्याची अर्धी तशीच ठेवू की त्यांनाही घालू, हे तू सांगितल्याशिवाय ठरवणार नाही.

चार दिवस मी आणि चतुराबाई रिंगा घालतो आहोत. ती पाखरू धरते, मी रिंग दाबते, मग ती नंबर वाचते. एकोणतीस नंबरची तिला चावली तर तिला म्हणाली, "चाव, चाव, तुजं नाव आता सरकारात गेलंय." अंडी वेगळी ठेवण्यासाठी महिनाभर एकेका कोंबडीवर पाटी झाकून बसवतो आहोत. आता पंचवीस नंबर झालेलीनं गेल्या महिन्यात अठरा अंडी दिली. गावठी कोंबडीनं, दिपे, उन्हाळ्यात. रोग सोसणारी आणि वर अंडी देणारी एकाच पाखरात सापडली तर आपल्याला आणखी काय पाहिजे?

गावातल्या सहा जणींनी पिलं मागितली आहेत. ऊसतोडीला जाताना आमच्याकडं सोडलेल्या आपापल्या कोंबड्या त्या परत न्यायला आल्या, बघतात तर माझ्या निळ्या दोऱ्याच्या उभ्या आणि त्यांच्या खड्ड्यात. आधी भांडल्या, मग पिलं मागितली. मी सांगितलं, पिलू देईन, पण कोंबडा कापायच्या आधी मला विचारायचं. सगळ्या हसल्या. कोंबडा कापायला परवानगी असं गावात कुणी ऐकलं नव्हतं.

वहीचे रकाने छान आखलेस. रिंग, आई, बाप, जन्म, अंडी, आजार, मरणाचं कारण. पहिली ओळ तू स्वतः लिहून पाठवलीस. रिंग: १७. आई, बाप, जन्म, सगळं भरलेलं. मरणाचं कारण, तिथं लाल शाईनं प्रश्नचिन्ह.

मला कळतं का विचारतेस. सतरा जर साथीनं मेला असेल तर त्याच्या नातवंडांचा आकडा नुसता योगायोग ठरेल, केंद्रातले साहेब तुला दारात उभं करणार नाहीत. तो रकाना सध्या मोकळा ठेवला आहे. बाकी सगळे भरले.

आक्का

वाडी
२७ जून २०२५

दिपे,

कालपासून आखाड लागला. मी मुद्द्यावर येते.

वाचलेल्या नऊमध्ये कोंबडा एकच आहे, तांबड्या, आणि चतुराबाईच्या सातही माद्या. सतराचा नातू. चाल तीच, मान वळवून एका डोळ्यानं बघायची खोड तीच. आम्ही निवडलेल्या सगळ्या कोंबड्या त्याच्याशी लावल्या आहेत. पण पिलं अजून फक्त दोन खेपांची, त्यातले नर ओळखू येईपर्यंत दोन महिने जातील. तांबड्या गेला तर तुझी वही इथंच थांबते.

सासूबाईंनी काल सकाळी त्याला पायापासून तुऱ्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मंगळवारी न्यायचा."

मी म्हणाले, दुसरा आणते, बाजारातून मोठा आणते.

"बाजारचा आईनं वाचवला का? ह्यो वाचवला. मंग तो आईचा."

चतुराबाईचं सांगितलं, तर म्हणाल्या, "त्यांचं त्यांनी सोडलं, त्यांचं बरं हाय. आपलं आपण सोडलेलं न्हाई." वही दाखवली. "तुज्या शाळेचं मला सांगू नको." मग माझ्याकडं नीट बघून, "कावून तोंड पाडून बसलीस? कोंबडाच हाय की."

सासूबाई वाईट नाहीत, तुला माहीत आहे. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनी स्वतःच्या हातानं शेक-शेगडी केली. त्यांच्यापुढं माझं एकच चालत नाही, ते म्हणजे मरीआई. पहिले दोन मंगळवार मी टाळू शकते, एकाला पाहुणे आहेत म्हणेन, एकाला अंगात ताप म्हणेन. पुढं काय करू? तू असतीस तर भांडली असतीस. मला भांडता येत नाही, मी फक्त लपवते.

हे शेवटचं वाक्य मी खोडणार होते. असू दे तसंच.

आक्का

वाडी
९ जुलै २०२५

दिपाली,

पाहुणे लागले नाहीत, तापही लागला नाही. पहिला मंगळवार पावसानंच टळला, काल दुसरा होता. मी तांबड्याला घेऊन गेले.

लिंबाखाली मरीआईच्या ओट्यापाशी बायका जमलेल्या. मी त्याला छातीशी धरून उभी होते आणि त्याचं काळीज माझ्या हाताला लागत होतं. सासूबाईंनी हात पुढं केला. मला देववेना. मी तिथंच ओट्यावर मांडी घालून बसले, कोंबडा मांडीत, आणि जे तोंडाला येईल ते बोलायला लागले. म्हणाले, आत्याबाई, आई दरसाल वाचवून देते. आपण दरसाल वाचलेला तेवढाच तिला परत देतो. मग आपल्याकडं राहतो कोण? मरणारे. तिनं हा कशासाठी वाचवला असेल, परत घ्यायला की आपल्याला द्यायला? मला वाटलं आता त्या उठतील आणि चारचौघींत माझी शोभा करतील.

त्या उठल्या. तोंडातली मिश्री थुंकून आल्या. तुऱ्याला हात लावून बघितला, पायातला दोरा बघितला. मग म्हणाल्या, "देवाच्या नावानं वळू सोडतेत तसा सोड की मंग. आईच्या नावाचा वळू कुणी कापतं का?"

सगळ्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. खालच्या अंगाची भामाबाई म्हणाली, खरं हाय, वळूला कुणी हात लावत न्हाई, कुणाच्याबी रानात शिरू दे. झालं. सासूबाईंनी स्वतः त्याच्या तुऱ्याला कुंकू लावलं, आईला नारळ फोडला, तांबड्याला तिच्यापुढून पाच वेळा फिरवलं आणि सोडला. तो दोन पावलं चालला, पंख झाडले आणि तिथंच ओट्यावर बांग दिली. दिपे, मी हसत होते आणि माझे डोळे वाहत होते.

आता बघ काय झालं ते. तो गावाचा आहे. कुणी कापायचा नाही, कुणी हाकलायचा नाही, प्रत्येक दारात मूठभर दाणे. कोणत्याही खुराड्यात शिरला तरी ज्याची त्याला धन्यता. तू केंद्रात बसून शंभर वर्षं समजावलं असतंस तरी जे झालं नसतं ते एका वाक्यात झालं. आज सकाळी तो तीन आळ्या फिरून चतुराबाईच्या दारात पणजोबांशी भांडत होता.

घरी येताना सासूबाई पुढं चालत होत्या. वळून न बघता म्हणाल्या, "सतराच्या टायमाला कावून बोलली न्हाईस? तवाच सोडला असता."



मुंगूस नव्हतं, दिपे.

तू त्या वर्षी पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाला गेली होतीस. जाताना एकच सांगितलंस, सतराला सांभाळ. सहाव्या दिवशी तुझ्या खोलीतल्या तेजश्रीचा फोन आला. ताप उतरत नाही, दवाखान्यात ठेवलंय, कुणाला ओळखत नाही. गाडी सकाळशिवाय नव्हती. आई-बाप ऊसतोडीला जायचे तेव्हा तुला कडेवर घेऊन मी वाढवली, मला तुझ्याआधी मूल नव्हतं. मी लिंबाखाली गेले आणि म्हणाले, तिला उठव, सतरा तुझा. दुसऱ्या दिवशी पोचायच्या आत तू फोनवर बोललीस. "आक्का, सतरा कसाय?" हेच पहिलं बोललीस.

तुला सलाईननं उठवलं हे मला कळतं. पण बोललेलं होतं. तू परत यायच्या आदल्या दिवशी मी ते फेडलं, स्वतःच्या हातानं. तू नवस मानत नाहीस, आणि तुझ्याच तापापायी तुझाच कोंबडा गेला हे सांगायला माझी जीभ वळली नाही. मुंगूस सोपं वाटलं. एका शब्दानं काम भागेल असं वाटलं होतं, आणि तू दोन वर्षं गेलीस.

आणखी एक. कापायच्या आधी मी त्याचं वजन केलं, तू विचारशील म्हणून. तीन किलो शंभर ग्रॅम. डोळे स्वच्छ, चोच बंद, माझ्या हातातून ज्वारी खाल्ली. नंतर तू शिकवलंस तसं जठर उघडून बघितलं. मानमोडीत असतो तसा रक्ताचा एक ठिपका नव्हता. हे सगळं त्याच दिवशी कॅलेंडरच्या पानामागं लिहून ठेवलं, तारखेसह. ते पान आणि त्याची रिंग कुंकवाच्या डबीखाली होती, दोन्ही या पाकिटात घातली आहेत. साहेबांना दाखव. मी खोटं बोलले ते तुझ्याशी, नोंदीत नाही.

वहीतला रकाना दोन बोटांचा आहे. तुझं प्रश्नचिन्ह खोडून त्यात मावेल तेवढं लिहिलं: निरोगी होता, आक्कानं कापला.

तांबड्याच्या पायात अजून दोराच आहे. तेवीस नंबरची रिंग त्याच्यासाठी बाजूला ठेवली आहे. आता देवीचा झाल्यापासून तो कुणाला धरू देत नाही, चतुराबाईलाही नाही. त्याला धरायला आणखी एक माणूस लागेल.

आक्का